गाडीच्या टपावरचं सोलर घराला जोडताना

अरे, लाईट गेल्यावर गाडीच्या टपावरच्या २०० वॉटच्या सोलर पॅनेलवर घरातला फ्रीज आणि विहिरीचा पंप चालवायचं आधी डोक्यातून काढ. चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण युनिट हाती लागलं तरी खूश राहा. तेवढ्यात दोन-तीन एलईडी, एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, वायफाय आणि मोबाईल आरामात निघतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हा एवढंही मोठं वाटलं असतं.

गाडीतल्या बॅटरीची बारा व्होल्टची वायर खळ्यातून घरात ओढू नकोस. घरात एका वेळी ३०० वॉट वापरले तर बारा व्होल्टला २५ अँपिअर होतात. दहा मीटरवर चार स्क्वेअर एमएमच्या वायरीत दोनेक व्होल्ट वाटेतच जातात. इन्व्हर्टर गाडीतच बॅटरीजवळ ठेव, बॅटरीलगत फ्यूज टाक आणि २३० व्होल्टची एक्स्टेंशन घरात ने. उपकरणं थेट तिलाच लाव. वायरीला दोन्हीकडे पिन लावून भिंतीच्या सॉकेटात करंट सोडायचा 'जुगाड' कोणी सुचवेल, त्याला हात जोड. तो करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

गाडी माडाखाली लावू नकोस. सावली पडतेच, वर नारळ पडला की पॅनेलच गेलं. खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर हिरवे पडतात, तेवढे अधूनमधून बघ.