गेट चाळीस मिनिटं पडत नाही

पत्र थोडक्यात असं. वय ३१, मूळची खानापूर भागातली, बेळगावात टिळकवाडीत रूम करून राहते, एका सोसायटीत कॅशियर. आधी दोन प्रकरणं झाली, दोन्ही पोरं महिना महिना गायब होऊन परत 'कशी आहेस' म्हणून मेसेज टाकणारी, आणि हिचा जीव त्यांच्यावरच. आता निपाणीचं स्थळ आलंय, मुलगा सरळ आहे, फोन करतो म्हणाला की करतो, पण 'काही वाटतच नाही अक्का, बोअर होतं, नाही म्हणून टाकू काय?'

हे बघ बाई, चार पानांतली साडेतीन पानं त्या दोघांनी काय काय केलं तेच आहे, ते वाचलं आणि बाजूला ठेवलं, त्यांच्यावर रडायला तुला मैत्रिणी आहेत की. मी अडले ते कंसातल्या एका ओळीवर. 'पहिल्या भेटीला मला चाळीस मिनिटं उशीर झाला, गेट पडलं होतं.'

टिळकवाडीचं रेल्वे गेट चाळीस मिनिटं पडत नाही गं, मी इथंच म्हातारी झाले. तो पोरगा निपाणीहून बसनं येऊन दहा मिनिटं आधीच किल्ला तलावापाशी उभा, आणि तुला रिक्षानं यायचं तर एवढा वेळ? तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन कॉटवर बसली होतीस की नाही, खरं सांग.

आता दुसरी ओळ. 'अप्पा गोव्याला कामाला होते, शनिवारी यायचे, कधी कधी यायचे नाहीत.' एवढंच, आणि पुढं लगेच पगाराचं सुरू. गोव्याची गाडी थांबायची, लोकं उतरायची, पिशव्या उतरायच्या, कंडक्टर शिट्टी मारायचा आणि गाडी पुढं जायची, आणि तू तिथंच कट्ट्यावर वाट बघत बसलेली. असे किती शनिवार गेले ते तू मोजलेलं नाहीस, मला मात्र मोजावंसं वाटलं.

मनाचा अभ्यास करणाऱ्या फ्रॉइडनं १९२० साली आपल्या दीड वर्षाच्या नातवाचं लिहिलंय. आई बाहेर गेली तरी ते पोर रडायचं नाही, दोरा बांधलेलं लाकडी रीळ पडदा लावलेल्या पाळण्यात फेकायचं, दिसेनासं झालं की ओ-ओ करायचं, म्हणजे गेलं, आणि दोरा ओढला की आलं! पण बऱ्याचदा नुसतं फेकायचंच, ओढायचं नाही. फ्रॉइड म्हणतो आई जाते तेव्हा पोराच्या हातात काही नसतं, खेळात मात्र घालवणारं ते स्वतःच, आणि त्यात थोडा सूडही असेल, जा, मला नकोच तू, मीच तुला पाठवतोय.

त्याच्याही आधी, १९१२ ला, त्यानं लिहिलं होतं की प्रेम करायची आपली तऱ्हा लहानपणीच घडते आणि छापखान्यातल्या ठशासारखी पुन्हा पुन्हा छापली जाते. पहिली दोन पोरं म्हणजे न आलेले अप्पा, हे तुझं तुलाच कळलंय, तूच लिहिलंयस. ह्या खेपेला ठसा तोच आहे, जागा तेवढ्या बदलल्यात. कट्ट्यावर तो बसलाय आणि न येणारी तू आहेस. म्हणून मला तुझी कीव आली नाही, रागच आला, त्या बिचाऱ्यानं काय केलंय?

बोअर होतं म्हणतेस, तर होणारच की, येणार की नाही ही धाकधूकच नाही तिथं.

त्याच्याशी लग्न करायचं का ते नंतर बघू. ह्या रविवारी त्याला परत बोलव, त्याच जागी, आणि तू अर्धा तास आधी जाऊन थांब. 'कुठं पोचलास' म्हणून फोन करायचा नाही. पोटात कालवाकालव होईल, बस चुकली असेल, येणारच नाही, त्यापेक्षा आपणच निघावं असं वाटेल, तेव्हा अजिबात उठायचं नाही. आला की त्या दिवशी उशीर का केलास ते खरं सांगायचं, गेटचं नाव काढायचं नाही. आणि मिठाई म्हणून कुंदा-बिंदा घेऊन जाऊ नकोस, लाच दिल्यागत दिसतं.