रविवारी रात्री मेस बंद असते, तिथून सुरू कर

अगं, तू लिहिलंयस की पीएचडीचं दुसरं वर्ष, केमिस्ट्री, सकाळी साडेनऊला लॅबमध्ये शिरतेस ती रात्री नऊलाच बाहेर, जुन्या मैत्रिणींचे मिस्ड कॉल साठत चाललेत, आणि कँटीनमध्ये अनोळखी कोणी गप्पा मारायला लागलं की तुझ्या डोक्यात वाया जाणाऱ्या वेळेचा मीटर पडायला लागतो. रविवारी रात्री रूमवर एकटीच मॅगी खातेस हेही मधेच लिहून गेलीयस. मी पुणे विद्यापीठातूनच केमिस्ट्रीत पीएचडी केली, सहा वर्षं लागली (गाईड चांगले होते, रिअ‍ॅक्शन वाईट होती), आता कॉलेजात शिकवते, त्यामुळे तुझ्यासारखे चेहरे दर वर्षी दोन-तीन तरी बघते.

पहिलं म्हणजे ते "मैत्रिणींसाठी वेळ काढ" वगैरे सल्ले सोडून दे. मी काढला होता, शनिवारी पाच ते सात, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून. रिअ‍ॅक्शनला शनिवार कळत नाही. कधी कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची नळी) संपायचा नाही, कधी एनएमआर मशीनवरचा स्लॉट नेमका तेव्हाच मिळायचा, आणि दोनदा-तीनदा "सॉरी गं अडकले" झालं की लोक बोलावणं सोडून देतात, रागावून नाही, सवयीनं.

जमलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्या मेसला रविवारी रात्री सुट्टी असायची, तुझ्याही असेलच, सगळ्यांच्याच असते. माझी रूममेट मराठी विभागात होती आणि तिच्याकडे चोरून आणलेली इंडक्शन शेगडी होती, मग मी, ती, शेजारच्या खोलीतल्या दोघी असा खिचडीचा कार्यक्रम सुरू झाला. कोणी प्लॅन केला नव्हता, भूक लागायची म्हणून जमायचो. आठला कांदा चिरायला बसायचं ते भांडी घासून होईपर्यंत बारा वाजायचे.

खूप नंतर वाचलं की अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा हिशोबच मांडलाय, ओळखीच्या माणसाचा जरा मित्र व्हायला साधारण ५० तास, नीट मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. मी लगेच गुणाकार केला, रविवारचे चार तास गुणिले पन्नास रविवार, बरोब्बर २०० :) आणि त्यातली दुसरी गोष्ट तुझ्या कामाची आहे, नुसतं एकत्र काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे मोजले जात नाहीत. म्हणजे लॅबमेटसोबत दिवसाचे अकरा तास काढूनही एकटं वाटतं याचं तुला जे आश्चर्य वाटतंय ते वाटून घेऊ नकोस.

आता अचानक भेटणाऱ्या माणसांचं. तिसऱ्या वर्षी माझा कायनेटिक्सचा, म्हणजे रिअ‍ॅक्शन किती वेगानं होते त्याचा, डेटा तीन महिने डोकं खात होता. फर्स्ट ऑर्डर (वेग कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात) असायला हवं, म्हणजे एलएन कॉन्सन्ट्रेशन, कॉन्सन्ट्रेशनचा लॉग, विरुद्ध वेळ प्लॉट केलं की सरळ रेषा यायला हवी, पण सुरुवातीचे पॉइंट झकास रेषेवर आणि शेवटचे कुठेही भरकटलेले, मी प्रयोग परत परत करतेय, सॉल्व्हंट बदलतेय, स्वतःलाच शिव्या घालतेय. एकदा रूममेट मला ओढत अनिकेत कँटीनला घेऊन गेली, तिथे तिच्या ओळखीचा स्टॅटिस्टिक्सचा एक मुलगा बसला होता. मला तेव्हा अजिबात बोलायचं नव्हतं, रोटावर, म्हणजे सॉल्व्हंट उडवायच्या मशीनवर, फ्लास्क लावून आले होते. पण त्यानं विचारलं काय चाललंय, मी वैतागून सगळं ओकले, आणि तो वडापावच्या कागदावर रेघा मारत म्हणाला, तू लॉग घेतेस ना, मग शेवटी कॉन्सन्ट्रेशन अगदी कमी झालं की तेवढीच बारीक चूक लॉगमध्ये केवढी तरी मोठी दिसणार, आणि तू सगळ्या पॉइंटना सारखंच वजन देतेयस. लॉग न घेता सरळ एक्स्पोनेन्शियल फिट कर, नाहीतर वजनं लाव. झालं! डेटा ठीकच होता, रेषा मारायची पद्धत चुकत होती. तो तेलकट कागद अजून माझ्या थिसिसच्या फायलीत आहे.

असंच, पण हजारपट मोठं, १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत दुपारच्या चहाला घडलं होतं. ह्यू माँटगोमेरी हा तरुण गणिती भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनना भेटायला नको नको म्हणत होता, पण आपल्या लाहोरात वाढलेल्या गणिती सर्वदमन चौलांनी त्याला हट्टानं नेऊन उभं केलं. डायसननी विचारलं सध्या काय करतोयस, त्यानं झीटा फंक्शन (अविभाज्य संख्यांशी जोडलेलं एक फंक्शन) जिथे जिथे शून्य होतं त्या जागांमधल्या अंतरांबद्दल सांगितलं, तर डायसनना त्यात रँडम मॅट्रिक्सचं सूत्र दिसलं, अणुकेंद्रकाच्या ऊर्जापातळ्यांसाठी वापरतात ते. सगळे यात डायसनचं कौतुक करतात, मला चौला जास्त आवडतात. माझ्या गोष्टीत चौला म्हणजे माझी रूममेट. रविवारची खिचडी नसती तर तिनं मला ओढून नेलंच नसतं, म्हणून म्हणते की मैत्री आणि अचानक भेट यांचे दोन वेगळे कप्पे करू नकोस.

बाकी दर भेटीतून असं काही निघत नाही हेही सांगते. कात्रजच्या बसमध्ये एका काकांनी मला स्वतःच्या पित्ताशयाचं ऑपरेशन टाके मोजून सांगितलं होतं, त्यातून काहीही निष्पन्न झालं नाही, ऐकायला मजा आली एवढंच. डेडलाइनच्या आठवड्यात सरळ हेडफोन घाल, कोणी काही म्हणत नाही.

आणि एक चुकलेलं. लातूरच्या शाळेतल्या मैत्रिणीचं लग्न रविवारी होतं आणि सोमवारी माझं सहामाही प्रेझेंटेशन, मी गेले नाही. प्रेझेंटेशन सोमवारी सकाळी पुढं ढकललं. ढकललं नसतं तरी एका रात्रीत माझ्या स्लाइड काही सुधारणार नव्हत्या, ते मला तेव्हाही माहीत होतं. दोन वर्षांनी तिच्या घरी गेले, तिनं प्रेमानं जेवू घातलं, सगळं विचारलं, पण लग्नाचा अल्बम काही काढला नाही आणि मलाही मागवेना. तेव्हा रोजचे फोन चुकले तर चुकू देत, दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज लॅबमधून हॉस्टेलवर चालत येताना टाकता येतो, तेवढ्यावर जुन्या मैत्रिणी टिकतात. पण लग्न, आजारपण, कोणाचं गेलेलं माणूस, इथे गाईडला सांगून जायचं. विचारून नाही, सांगून.

येत्या रविवारी मॅगीची दोन पाकिटं टाक आणि शेजारचं दार वाजव. ती नको म्हणाली तर दुसरं पाकीट काही वाया जात नाही, तू दिवसभर लॅबमध्ये काय खातेस ते मला माहितीये.