१९०४ चे रशिया-जपान युद्ध कशामुळे झाले?

८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी विनाशिकांनी चीनच्या किनाऱ्यावरील पोर्ट आर्थर बंदरातील रशियन आरमारावर अचानक हल्ला केला, एवढ्यानेच हे युद्ध पेटले की त्यामागे जुनी कारणे होती, आणि ते टाळता आले असते का, असे आपण विचारले आहे. कारणे निश्चितच जुनी होती; मात्र ती शोधताना दोन्ही देशांत पिढ्यानपिढ्यांचे वैर होते असे गृहीत धरू नये. साखालिन रशियाकडे आणि कुरिल बेटे जपानकडे, ही वाटणी त्यांनी १८७५ मध्ये वाटाघाटींतूनच केली होती. माझ्या मते या युद्धाचे मूळ शोधायचे तर ते सायबेरियाच्या रेल्वेमार्गात शोधले पाहिजे.

रशियाने १८६० मध्ये चीनकडून उस्सुरी प्रदेश मिळवून व्लादिवोस्तोक वसवले, पण ते बंदर हिवाळ्यात गोठत असे आणि राजधानीपासून हजारो किलोमीटर दूर होते. १८९१ मध्ये ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचे काम सुरू झाले, तेव्हा व्लादिवोस्तोकच्या समारंभाला युवराज निकोलस स्वतः उपस्थित होता. तीनच वर्षांनी तो झार झाला. टोकियोतील सेनानींना या लोहमार्गाचा अर्थ लगेच कळला. रशियाचे प्रचंड सैन्य युरोपात होते, आणि ते पूर्वेला आणणे अवघड होते, यावरच जपानची सुरक्षितता बव्हंशी अवलंबून होती. कोरिया परक्या सत्तेच्या हाती गेला तर आपल्या किनाऱ्यालाच धोका पोहोचेल, ही त्यांची धारणा यामुळे अधिकच पक्की झाली.

त्यानंतरची सर्वांत कटू घटना १८९५ ची. चीनचा पराभव करून जपानने १७ एप्रिलला शिमोनोसेकीचा तह केला आणि इतर लाभांबरोबर ल्याओतुंग द्वीपकल्प मिळवला. सहाच दिवसांनी रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी मिळून तो चीनला परत करण्याचा ‘सल्ला’ दिला, आणि तिघांशी लढण्याची ताकद नसलेल्या जपानला तो मानावा लागला. हा अपमान कदाचित काळाच्या ओघात विरला असता. परंतु १८९८ मध्ये रशियाने त्याच द्वीपकल्पावरील पोर्ट आर्थर आणि शेजारचे दालियान २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. जे जपानकडून सोडवून घेतले तेच स्वतःच्या पदरात पाडून घेण्याच्या या कृतीइतके नुकसान रशियाच्या विश्वासार्हतेचे दुसऱ्या कशानेही झाले नाही, असे मला वाटते. दरम्यान चीनकडून मिळालेल्या युद्धखंडणीचा मोठा भाग जपानने सैन्य आणि आरमार वाढवण्यावर खर्च केला. ब्रिटनमध्ये बांधलेली ‘मिकासा’ ही युद्धनौका त्याच विस्ताराचा भाग होती.

कोरियात जपाननेही स्वतःच्या हाताने आपले नुकसान करून घेतले, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. ऑक्टोबर १८९५ मध्ये जपानी मारेकऱ्यांनी राजवाड्यात शिरून राणी मिन हिची हत्या केली. त्यात तेथील जपानी राजदूताचाच हात होता. पुढच्या फेब्रुवारीत राजा कोजोंग आणि युवराज पहाटे स्त्रियांच्या पालख्यांत लपून राजवाड्याबाहेर पडले आणि थेट रशियन वकिलातीत जाऊन राहिले. सुमारे वर्षभर राजा तेथूनच कारभार पाहत होता. म्हणजे ज्या प्रभावाची जपानला भीती होती, तो त्याच्याच क्रौर्यामुळे सोलमध्ये पोहोचला.

रेल्वेचा फाटा ईशान्य चीनमधील मांचुरियातून व्लादिवोस्तोककडे नेण्याची परवानगी रशियाने १८९६ मध्ये चीनकडून मिळवली होती, कारण त्यामुळे शेकडो किलोमीटरचा वळसा वाचत होता. १९०० मध्ये चीनमध्ये परकीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावात या मार्गाच्या रक्षणासाठी आलेल्या रशियन फौजांनी मांचुरिया व्यापला. १९०२ च्या करारानुसार त्या तीन टप्प्यांत परत जायच्या होत्या, परंतु एप्रिल १९०३ मधला दुसरा टप्पा पाळला गेला नाही आणि चीनपुढे नव्या मागण्या ठेवल्या गेल्या. यालू नदीकाठच्या लाकूडतोडीच्या सवलतीच्या निमित्ताने रशियाने कोरियाच्या हद्दीतही पाय ठेवला. याला विरोध करणारे अर्थमंत्री वित्ते ऑगस्ट १९०३ मध्ये पदावरून दूर झाले. जपानने ३० जानेवारी १९०२ रोजीच ब्रिटनशी करार करून ठेवला होता, त्यामुळे रशियाचा मित्र असलेला फ्रान्स त्याच्या मदतीला धावून येण्याची शक्यता बरीच कमी झाली होती.

आता टाळता आले असते का, याविषयी. माझे उत्तर होय असे आहे. कोरियात जपानला आणि मांचुरियात रशियाला मोकळीक, ही देवाणघेवाण जपानमधील इतो हिरोबुमींसारख्या ज्येष्ठांना मान्य होती आणि ते १९०१ च्या अखेरीस त्यासाठी सेंट पीटर्सबर्गला जाऊनही आले. १९०३ च्या वाटाघाटींत मात्र रशियाने मांचुरियाचा प्रश्न जपानच्या कक्षेबाहेरचा ठरवला आणि कोरियातही ३९ व्या अक्षांशाच्या उत्तरेला तटस्थ पट्टा मागितला. रशियाची उत्तरे आठवडेच्या आठवडे लांबत गेली. त्यांमागे रशियाचा वेळकाढूपणा असल्याचा जपानचा संशय समजण्यासारखा आहे, कारण बैकाल सरोवराच्या दक्षिण काठाचा डोंगराळ लोहमार्ग अजून अपुरा होता. डबे बोटीवर चढवून पलीकडे न्यावे लागत, आणि कडक हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्यांनी वाहतूक चाले. तो तुकडा पूर्ण झाल्यावर रशियन सैन्य कितीतरी वेगाने पूर्वेला येऊ शकणार होते. जपानी सेनापतींच्या हिशेबाने १९०४ ची सुरुवात ही लढण्याची शेवटची अनुकूल वेळ होती, आणि ६ फेब्रुवारीला जपानने राजनैतिक संबंध तोडले तेव्हा तो मार्ग पूर्ण व्हायला काही महिनेच उरले होते.