२४ की ३२? आधी १६ किलोवर वेग तपासा

तुमची डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं) १०० किलोची, १२ किलोची केटलबेल (वर दांडा असलेला वजनाचा गोळा) खेळण्यासारखी वाटते, उडी वाढवायची आहे. मग थेट ३२ घेऊ का, असं विचारलंय. माझं मत: एवढ्यात नको. पण १२ वर रेंगाळूही नका.

डेडलिफ्टचा आकडा इथे फसवतो. तिथे बार रांगत वर आला तरी उचल मोजली जाते. पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग. जोर थोडा वाढला आणि वेग धाडकन पडला, तर गुणाकार आधीपेक्षा कमीच येणार.

मीही १६ वरून एकदम ३२ वर उडी मारली होती. भारी चाललंय असं वाटायचं. मग एकदा फोन बाजूला उभा करून व्हिडिओ काढला. गुडघे नको तितके वाकलेले, पाठ गोल, खांदे कानाला टेकलेले. विहिरीतून पाणी शेंदतोय असंच दिसत होतं! मुकाट २० वर आलो.

तुम्हीही व्हिडिओ काढा. दोन्ही हातांनी १० स्विंग, म्हणजे कुल्ल्यांच्या झटक्याने केटलबेल पायांमधून छातीपर्यंत झुलवणं. केटलबेल छातीच्या उंचीला आली की क्षणभर तिचं वजनच नाहीसं झाल्यासारखं वाटलं पाहिजे. हात म्हणजे नुसते दोर. मग त्या क्षणी तिचं बूड कुठे आहे ते बघा. हाताच्या सरळ रेषेत असेल तर झटका कुल्ल्यांतून येतोय. खाली लोंबत असेल तर तुम्ही खांद्याने उचलताय: एकतर वजन जड आहे, नाहीतर कुल्ले आळशी. वर उसळून तोंडाकडे यायला लागलं तर वजन बहुधा हलकं पडतंय.

सुरुवातीला पुरुषांना साधारण १६ आणि बायकांना ८ ते १२ किलो ठीक असतं. तुमच्या ताकदीला दोन हातांच्या स्विंगसाठी २४ जमावी, पण आधी दोन-तीन आठवडे १६ वर फॉर्म बसवा. स्नॅचला, म्हणजे एका हाताने एका झटक्यात केटलबेल डोक्यावर नेण्याला, मात्र १६ च ठेवा. तिथे वजन डोक्यावरून खाली येतं आणि मूठ आधी दगा देते.

१६, २४, ३२ या पायऱ्या जुन्या रशियन पूद या मापातून आल्यात. एक पूद म्हणजे सुमारे १६.३८ किलो, मग दीड, मग दोन. तुमच्या शरीराला विचारून कोणी त्या ठरवलेल्या नाहीत. १६ वरून २४ म्हणजे थेट दीडपट, त्यामुळे मधली २० मिळाली तर जरूर वापरा.

सेट ५ ते ८ रेप्सचे (म्हणजे सलग तितके स्विंग), मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. एखादा रेप मंदावला की सेट तिथेच संपला. सलग ३० स्विंगांनी दम वाढतो, ते काम वेगळं. आणि स्विंगमध्ये बराच जोर पुढे जातो, उडीत तो वर लागतो. म्हणून उड्यांचा सराव सोडू नका.

स्पर्धेच्या केटलबेलचा आकार वजन बदललं तरी तोच राहतो, पण तिच्या दांड्यात दोन हात दाटीने बसतात. तुम्ही ओतीव लोखंडाची घ्या. घेताना दांड्याच्या आतून बोट फिरवा. ओतकामाची शिवण राहिली असेल तर तिसऱ्या सेटपर्यंत तळहाताचं सालटं निघतं.