‘सोडायचा नाहीये, थोडं थांबायचंय’

प्रश्न : ताई, मी नाशिकला समुपदेशक आहे. माझा एक क्लायंट, वय सत्तावीस, रोज रात्री गांजा ओढतो. म्हणतो, ‘सोडायचा नाहीये मला. पण आता दोन जॉइंट मारले तरी किक बसत नाही, म्हणून टी-ब्रेक घ्यायचाय.’ म्हणजे टॉलरन्स ब्रेक : अंगाला झालेली सवय उतरावी म्हणून काही आठवडे गांजा बंद. यात मदत करणं म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणं नाही का?

उत्तर : नाही. बिनधास्त मदत करा. ‘कायमचं सोड’ हे त्याला घरातल्या प्रत्येकाने ऐकवलं असणार. तुमच्याकडे तो तीन-चार आठवड्यांपुरता आलाय, तेवढं नीट पार पाडा. त्याला किक परत हवीय. तुम्हाला तो कोऱ्या डोक्याने कसा असतो ते बघायला मिळेल. हेतू वेगळे असले म्हणून बिघडलं कुठे?

शनिवार-रविवार थांबून मात्र काही साधत नाही. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत टीएचसी, म्हणजे गांज्यातलं नशा आणणारं रसायन, ज्यांना चिकटतं ते सीबी-1 रिसेप्टर कमी झालेले असतात. थांबल्यावर दोनेक दिवसांत ते सावरू लागतात, पण पूर्वपदावर यायला साधारण चार आठवडे जातात. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी केलेली टी-ब्रेकची पुस्तिकाही 21 दिवसांची आहे.

खरी लढाई पहिल्या आठवड्यात. चिडचिड, भूक मेलेली, रात्री घामाने उशी भिजलेली, झोप नाही. आणि लागलीच तर अशी स्वप्नं की माणूस दचकून उठतो. हे सगळं आधीच सांगून ठेवा, बहुतेक त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो हेही सांगा. नाहीतर चौथ्या रात्री ‘मला गांजाशिवाय झोपच येत नाही’ असा निष्कर्ष काढून तो पुडीवाल्याला फोन लावेल. शिवाय तो जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळतो का, हे पहिल्याच भेटीत विचारा. आपल्याकडे बरेच जण मिसळतात. मग गांज्याबरोबर निकोटीनही तुटतं आणि त्रास नेमका कशाचा तेच कळत नाही. गांज्याच्या जागी रात्रीचे दोन पेग आले, तर तो ब्रेक नव्हे.

त्याची ओढायची वेळ बारकाईने विचारून घ्या. माझ्या एका क्लायंटचं ठरलेलं होतं : साडेदहाला जेवण, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, टेबलावर क्रशर. तो म्हणाला, ‘फेकणार नाही, महागाचा आहे.’ बरं, नको फेकूस. क्रशर आणि पेपर बहिणीकडे गेले, आणि साडेदहाला तो तिच्याबरोबर सोसायटीत चकरा मारायला लागला. पहिले काही दिवस दोघं फक्त भांडत होते म्हणे! चालतं.

माल मात्र कुणाकडे ठेवायला देऊ नका, तुमच्या ड्रॉवरमध्ये तर नाहीच. 1985च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा बाळगणं गुन्हा आहे. ‘मग भांग कशी चालते?’ हा वाद तो घालेलच, घालू द्या.

त्याला भास होत असतील, नको ते संशय येत असतील किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर टी-ब्रेकचं नंतर बघू, आधी मानसोपचारतज्ज्ञ.

ब्रेकनंतर काय, हे तिसऱ्या आठवड्यातच बोला. पुन्हा ओढलाच तर जुनं प्रमाण जोरात चढेल, घाबरगुंडी उडेल. हे स्पष्ट सांगणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. आणि रात्री तुमचा फोन बंद असतो, तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर पहिल्याच दिवशी त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावा.