प्रोटॉनांच्या टकरीतला उंचवटा

प्रश्न : ‘सर्न’ या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात प्रोटॉनांच्या टकरींतून उडालेल्या कणांमध्ये ‘रिज’ नावाचा परस्परसंबंध आढळला, असे वाचनात आले. तो मोजतात कसा, आणि एकमेकांपासून इतक्या दूर गेलेल्या कणांचा संबंध राहतोच कसा?

उत्तर : मोजणीपासून सुरुवात करू, कारण कोडे तिथेच उभे राहते. एका टकरीतून निघालेल्या विद्युतभारित कणांच्या दोन-दोनच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीसाठी दोन फरक काढायचे: प्रोटॉनांच्या झोताभोवती फिरत गेल्यास दोघांच्या दिशांत किती कोन पडतो हा एक, आणि झोताच्या रेषेकडे त्यांचा कल किती वेगळा आहे हा दुसरा. हा कल स्यूडोरॅपिडिटी या मापाने मोजतात. असंख्य टकरींतील जोड्या या दोन अक्षांवर मांडल्या की डोंगरदऱ्यांसारखा नकाशा तयार होतो. त्यातले काही चढउतार मात्र शोधकयंत्राच्या उणिवांमुळे आलेले असतात. म्हणून एका टकरीतला कण भलत्याच टकरीतल्या कणाशी जोडून तसाच दुसरा नकाशा काढतात आणि पहिल्याला त्याने भागतात. वेगवेगळ्या टकरींतील कणांचे एकमेकांशी काही नाते असण्याचे कारण नाही. तेव्हा भागाकारात उरेल ते खरे नाते. ही युक्ती मला फार देखणी वाटते.

या नकाशात मध्यभागी एक सुळका येतो, तो एकाच जेटमधील, म्हणजे एकाच दिशेने उडालेल्या फवाऱ्यातील, कणांचा. समोरच्या बाजूला लांबट भिंत येते, ती संवेगाच्या अक्षय्यतेमुळे. दोन्ही अपेक्षितच होते. २०१० मध्ये एलएचसीवरील सीएमएस प्रयोगाने ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या टकरींपैकी ज्यांत ११० किंवा त्याहून अधिक विद्युतभारित कण निघाले अशा विरळा टकरी वेगळ्या काढल्या, तेव्हा सुळक्याच्या दोन्ही अंगांना दूरवर पसरलेला एक बारीक उंचवटा (हाच ‘रिज’) दिसला, आणि तो अपेक्षित नव्हता. या कणांच्या स्यूडोरॅपिडिटीत चारपर्यंत फरक होता. म्हणजे एक कण झोताच्या एका दिशेशी सुमारे १५ अंशांचा कोन करून चाललेला, दुसरा उलट दिशेशी तेवढाच कोन करून, आणि तरीही झोताभोवतीचा दोघांचा कोन जुळणारा! वाटा फाकल्यावर दोघांमध्ये कोणताही निरोप पोचणे शक्य नसल्याने या जुळणीचे मूळ टकरीच्या अगदी आरंभीच असले पाहिजे.

ते मूळ कोणते, यावर वाद आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींतही असाच उंचवटा दिसला होता. तिथे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माचा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांतले क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे होऊन बनलेल्या अतितप्त द्रवाचा, ओघ हे कारण मानतात: टकरीत गुंतलेला भाग पुरता गोल नसतो, त्यामुळे दाब काही दिशांना अधिक जोराने ढकलतो आणि तो आकार झोताच्या लांबीभर जवळपास सारखा राहतो. दुसऱ्या मतानुसार प्रोटॉनातील दाटलेल्या ग्लुऑनांतच ही जुळणी आधीपासून असते, ओघाची गरज नाही.

पुढे प्रोटॉन-शिसे टकरींत उंचवटा झोताभोवती जवळच्या आणि समोरच्या अशा दोन्ही बाजूंना सापडला, आणि २०१७ मध्ये एलएचसीवरीलच ॲलिस प्रयोगाने दाखवले की प्रोटॉनांच्या टकरीत कणसंख्या वाढत जाते तसे ‘स्ट्रेंज’ जातीचे क्वार्क असलेल्या कणांचे प्रमाणही वाढते, जे प्लाझ्माचे लक्षण मानले जात होते. माझा कल त्यामुळे ओघाच्या बाजूला झुकतो. तरीही प्रोटॉनांच्या टकरीत ‘द्रवाचा थेंब’ बनतो असे मी बिनदिक्कत लिहिणार नाही, कारण प्लाझ्मातून जाणाऱ्या जेटची ऊर्जा घटते आणि ही घट प्रोटॉनांच्या टकरींत आढळलेली नाही.