'आउट टू लंच' पहिल्यांदा ऐकताना

अरे, जॅझवाला एरिक डॉल्फी, त्याचा 'आउट टू लंच' हा अल्बम लावला नि पहिल्याच ट्रॅकला बंद केला म्हणतोस, होतं असं, पण तू सॅक्सोफोनच शोधत बसलास ना? पहिल्या दोन ट्रॅकमध्ये डॉल्फी बास क्लॅरिनेट (खालच्या सुरांचा मोठा क्लॅरिनेट) वाजवतो, तिसऱ्यात फ्लूट, आल्टो सॅक्स शेवटच्या दोनातच येतो. आधी नुसते ड्रम्स ऐक. फेब्रुवारी १९६४ चं रेकॉर्डिंग, ड्रमर टोनी विल्यम्स तेव्हा जेमतेम १८ चा, आणि पोरगा ठेका धरून बसायचं सोडून मधेच जागा मोकळ्या ठेवतो, कमाल आहे! पियानो नाहीच, त्याजागी बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्या), म्हणून सगळं इतकं उघडंबोडकं वाटतं. पहिला ट्रॅक 'हॅट अँड बिअर्ड' सुरू झाला की रिचर्ड डेव्हिसच्या बासबरोबर मोज, पाच अधिक चार असा नऊ मात्रांचा हिशोब आहे, तबल्यावर विषम मात्रांचे ताल ऐकले असशील तर लवकर सापडेल. हेडफोन मात्र लाव, मोबाईलच्या स्पीकरवर बास पार गायब होतो. तरी जड गेलं तर डॉल्फीचाच १९६० चा 'आउटवर्ड बाउंड' घे, त्यात जॅकी बायर्डचा पियानो आहे, पकडायला काहीतरी मिळतं. सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनचं शेवटच्या वर्षांतलं काम इतक्यात नको, ते नंतर बघू.